आजीच्या गेममध्ये गाणं कोणाचं?

आमच्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. गेली चार वर्षं त्यांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया आहे. माझं नाव त्यांना आठवत नाही. कधी मला ‘अक्का’ म्हणतात, कधी नुसतंच ‘ए बाई’. आत्ता जेवून उठल्या तरी शेजारणीला सांगतात, “मला कुणी वाढत नाही.” पण वामनदादा कर्डकांचं गाणं लागलं की त्यांचा हात आपोआप मांडीवर ठेका धरतो. दोन-दोन कडवी न अडखळता म्हणतात. ज्या बाईला सकाळचा चहा आठवत नाही, तिला साठ वर्षांपूर्वीचं गाणं पाठ आहे.

दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात कुणीतरी सांगितलं, “आजींना मोबाइलवर मेंदूचे गेम खेळायला द्या.” आम्ही दिले. पत्ते उलटायचे आणि जोड्या लावायच्या, असा गेम होता. चूक झाली की लाल फुली यायची आणि ‘टॅँ’ असा आवाज व्हायचा. प्रत्येक आवाजाला आई दचकायच्या आणि माझ्याकडे बघून विचारायच्या, “माझं काय चुकलं गं?” मध्येच जाहिरात लागायची. सूचना सगळ्या इंग्रजीत, आणि आई तर शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइल पदराखाली लपवला आणि मग स्वतःच तो शोधत बसल्या.

तेव्हापासून मी या विषयावर वाचते आहे, विचारते आहे. माझं मत आधीच सांगते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी गेम करायचाच असेल, तर तो गाण्यावर उभा करावा. त्यात हरणं नसावं. आणि गाणं त्या माणसाचं स्वतःचं असावं, गेम करणाऱ्याच्या आवडीचं नको. हे शेवटचं काम बाहेरचा कुणी आपल्यासाठी करणार नाही. ते आपल्या वस्तीलाच करावं लागेल.

गाणं का टिकतं?

स्मृतिभ्रंश म्हणजे वेड नव्हे, बाहेरची बाधा तर मुळीच नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याची पहिली मांडणी केली, म्हणून हे नाव. या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग बऱ्याचदा आधी झिजतो. म्हणून सकाळचं विसरतं आणि लहानपणचं राहतं.

ओळखीच्या गाण्याची आठवण मात्र वेगळ्या जागी असते. जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली आधी निरोगी माणसांमध्ये पाहिलं, की फार ओळखीचं गाणं ऐकताना मेंदूचा कोणता भाग काम करतो. मग अल्झायमरच्या रुग्णांमध्ये तोच भाग तपासला. बाकीच्या मेंदूच्या मानाने तो बराच कमी झिजलेला निघाला. आपल्या घरी जे रोज दिसतं, त्याला हा आधार आहे.

दुसरी गोष्ट. माणसाला आयुष्यातल्या दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात घट्ट राहतात, असं मानसशास्त्र सांगतं. आता हिशेब करा. आज जी आजी ऐंशीची आहे, तिची ही वर्षं साधारण १९५५ ते १९७५. म्हणजे नागपूरची धम्मदीक्षा, ६ डिसेंबरचा आकांत, गावोगावचे जलसे, वामनदादांचे दौरे, वस्तीतल्या गायन पार्ट्या आणि त्याच्याही आधीपासूनची जात्यावरची ओवी. तिच्या मेंदूत जे घट्ट बसलं आहे, ते हे.

इतरांनी काय केलं?

नेदरलँड्समध्ये हेस्टर ले रिश या डिझायनर बाईंनी डेल्फ्टच्या तंत्र विद्यापीठात संशोधन करून ‘टोव्हरताफल’ तयार केलं. डच भाषेत याचा अर्थ जादूचं टेबल. छताला एक खोका लावलेला असतो. तो खालच्या साध्या टेबलावर प्रकाशाची चित्रं पाडतो. पानं पडतात, फुलं उमलतात, चेंडू घरंगळतो. म्हाताऱ्या माणसाने हात फिरवला की पानं बाजूला होतात. हातात काही धरायचं नाही, बटण नाही. टेबलाभोवती चारजण बसले की एकमेकांकडे चेंडू ढकलू लागतात. ज्यांचा आजार पुढच्या टप्प्यावर गेला आहे, जी माणसं दिवसभर एका जागी गप्प बसून असतात, त्यांच्यासाठीच हे केलं. त्यात अर्धवट म्हण पुरी करण्याचाही खेळ आहे. डच म्हण पुरी करायला डच आजीच लागते, हे लक्षात ठेवा.

जपानमध्ये ‘ताइको नो तात्सुजिन’ हा ढोलाचा गेम २००१ साली करमणूक केंद्रांत आला. समोर खरोखरचा ढोल असतो. पडद्यावर लाल गोळा आला की ढोलाच्या मध्यावर मारायचं, निळा आला की कडेला. आपल्या ढोलकीवाल्याला हे सांगावं लागणार नाही. गेम पोरांसाठी होता, पण हात हलतो आणि मन रमतं हे दिसल्यावर तिथल्या वृद्धांच्या देखभाल केंद्रांतही तो गेला. त्यासाठी त्यात त्या पिढीची जुनी जपानी गाणी घातली गेली.

दोन्हीकडची गोष्ट एकच आहे. त्यांनी आपल्या म्हाताऱ्यांच्या ओळखीचं साहित्य घेतलं. आपल्याकडे उद्या एखाद्या कंपनीने ‘मराठी आजी-आजोबांसाठी’ गेम काढला, तर त्यात काय असेल? नाट्यगीतं असतील, भावगीतं असतील, सिनेमाची गाणी असतील, आरत्या असतील. कुणाच्या गाण्याला माझा विरोध नाही. पण त्या यादीत भीमगीत नसेल, आणि त्रिशरण-पंचशीलाचा सूर तर नसेलच. कुणी मुद्दाम वगळेल असं नाही. करणाऱ्याच्या घरात ते कधी वाजलंच नाही, म्हणून राहून जाईल. आणि मग आमची आजी त्या गेमला प्रतिसाद देणार नाही, आणि कागदावर लिहिलं जाईल की ‘रुग्ण प्रतिसाद देत नाही.’

आमच्या घरातला प्रयोग

माझा पुतण्या कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला आहे. त्याला मी म्हटलं, “आजीसाठी काहीतरी कर.” त्याने केलं, आणि पहिल्यांदा सपशेल फसलं. त्यातून काय शिकलो ते सांगते, कारण गेम करणाऱ्या प्रत्येकाच्या ते कामाचं आहे.

त्याने जयंतीच्या डीजेचं रिमिक्स घातलं होतं. आईंना ते ओळखूच आलं नाही, उलट आवाजाने त्या घाबरल्या. गाणं तेच, पण त्यांच्या आठवणीतलं गाणं पेटी-ढोलकीवरचं, सावकाश लयीचं. जुनं ध्वनिमुद्रण लावल्यावर चेहरा बदलला.

त्याने काळ्या पडद्यावर निळी बटणं केली होती. आईंना ती दिसत नव्हती. वय झालं की डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि निळा-हिरवा रंग ओळखणं जड जातं. मग पांढऱ्यावर ठळक लाल केलं, आणि एका वेळी पडद्यावर एकच गोष्ट ठेवली.

टॅबच्या काचेवर आईंचं बोट लागत नव्हतं. बिगारीकाम केलेली बोटं, कोरडी आणि घट्टे पडलेली. काचेला ती कळत नाहीत. शिवाय म्हातारं माणूस टिचकी मारत नाही, दाबून धरतं. मग पुतण्याने एक जुना की-बोर्ड घेतला, त्यावर पातळ उशी टाकली आणि घरातलाच कॉम्प्युटर जोडला. उशीवर कुठेही थाप मारा, ढोलकी वाजते. पाच बटणं एकदम दाबली गेली तरी थाप एकच मोजायची, एवढं त्याने प्रोग्राममध्ये लिहिलं. काच गेली आणि ढोलकी आली.

आवाज उशिरा येत होता. बिनतारी स्पीकरमुळे थाप आणि आवाज यांत फट पडत होती. तालात वाढलेल्या बाईला ती फट लगेच कळते. आई दोनदा थाप मारून थांबल्या. तारेचा स्पीकर लावला आणि हात सुरू झाला.

सगळ्यात मोठी दुरुस्ती गुणांची. बाजारातल्या तालाच्या गेममध्ये, ‘गिटार हीरो’सारख्या, थाप चुकली की गुण मिळत नाहीत, प्रेक्षक हुर्यो करतात, फार चुकलं तर गाणंच बंद पडतं. आमच्या गेममधून पुतण्याने हे सगळं काढून टाकलं. थाप तालात पडो वा न पडो, गाणं चालू राहतं. तालात पडली तर मागून टाळ्यांची साथ येते. नाही पडली तर काहीच होत नाही. “माझं काय चुकलं?” हा प्रश्न त्या दिवसापासून ऐकला नाही.

एक धडा मात्र रडवून गेला. एकदा ६ डिसेंबरचं गाणं लागलं. आई धाय मोकलून रडू लागल्या, “बाबासाहेब गेले गं” म्हणत दाराकडे धावल्या. त्यांच्यासाठी ते सत्तर वर्षांपूर्वीचं नव्हतं, आत्ताचं होतं. त्यांना शांत करायला तास गेला. तेव्हापासून शोकाची गाणी यादीतून काढली. शिवाय शेजारी बसणाऱ्याला एका बोटात गाणं बदलता यावं, असं मोठं बटण ठेवलं. गाणं औषधासारखं आहे. कुणाला कोणतं आणि किती, हे बघूनच द्यावं.

आता रोज दुपारी चहानंतर पंधरा मिनिटं आम्ही हा खेळ खेळतो. संध्याकाळी नाही, कारण दिवस मावळताना त्यांची घालमेल वाढते. टीव्ही बंद, पंखा हळू. आणि कुणीतरी शेजारी बसलेलं असतंच. हा खेळ एकट्याचा नाहीच. एरवी माझं त्यांच्याशी बोलणं म्हणजे ‘औषध घ्या’, ‘तिकडे जाऊ नका’, ‘आत्ताच तर जेवलात’. त्या पंधरा मिनिटांत मी त्यांना काही सांगत नाही. त्या ठेका धरतात आणि मी साथ करते. आमच्या नात्यात त्यांचा हात वरचा असल्याची एवढीच वेळ उरली आहे.

फसवणुकीपासून सावध

आता कटू भाग. गेमने किंवा गाण्याने स्मृतिभ्रंश बरा होत नाही. कोक्रेन ही संस्था जगभरच्या वैद्यकीय अभ्यासांचा एकत्र आढावा घेते. संगीतोपचारांच्या तिच्या आढाव्यात दिसतं, की उदासी कमी व्हायला मदत होते. स्मरणशक्ती परत येते असं त्यात दिसत नाही. माझ्या घरचा अनुभव वेगळा नाही. आईंना माझं नाव अजून आठवत नाही.

अमेरिकेत ‘ल्युमॉसिटी’ नावाच्या मेंदूच्या गेमने विसराळूपणा टळेल अशा जाहिराती केल्या होत्या. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने त्या जाहिराती फसव्या ठरवल्या आणि २०१६ साली कंपनीला २० लाख डॉलर मोजावे लागले. उद्या कुणी तुमच्या दारात येऊन ‘आमचा गेम घ्या, आजीची स्मृती परत येईल’ म्हणाला, तर पैसे देऊ नका. बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सा करायला शिकवलं. देवऋषाला जो प्रश्न विचारायचा, तोच गेमवाल्यालाही विचारा: पुरावा काय?

आणि गेम हातात देण्याआधी डॉक्टर. जीवनसत्त्व बी-१२ कमी असणं, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य यांमुळेही विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत. कानाला ऐकू येतं का, हे आधी तपासा. ऐकूच येत नसेल तर गाण्याचा खेळ काय कामाचा?

‘वस्तीत हे चोचले कशाला?’

असं विचारणारे भेटतात. नळाला पाणी नाही, औषधाला पैसे नाहीत, आणि तुम्ही गेमचं काय सांगता?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत, शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितली. त्यात रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचं धूम्रपान, दारू, हवेचं प्रदूषण, बहिरेपण आहे, आणि लहानपणी शिक्षण न मिळणंही आहे. ही यादी वाचताना मला आमच्या गल्लीतल्या आज्या दिसल्या. ज्यांना शाळेच्या दारातून परत पाठवलं, त्यांनाच म्हातारपणी या आजाराचा धोका जास्त. आणि मग त्यांच्या हातात वाचता न येणाऱ्या सूचनांचा गेम देऊन, चुकलं की लाल फुली दाखवायची? म्हणजे नाकारलेल्या शाळेने साठ वर्षांनी घरी येऊन नापास करायचं. हा चोचल्यांचा प्रश्न नाही, मानाचा आहे.

दुसरे म्हणतात, “मग नुसतं गाणं लावून ठेवा की. गेम कशाला?” लावा, जरूर लावा. पण दिवसभर लावलेलं गाणं थोड्या वेळाने भिंतीसारखं होतं. या आजारात माणूस स्वतःहून काही करणं सोडतो, तेच त्याला आतून बसवतं. गेम त्याच्या हाताला बोलावतो: तू थाप दे, मग मी वाजतो. माणूस नुसता ऐकणारा राहत नाही, वाजवणारा होतो.

आता आपण काय करायचं?

पहिलं, आजच आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या दहा गाण्यांची यादी करा. आजार असो वा नसो. कोणतं गाणं, कुणाच्या आवाजात, कुठे ऐकलं होतं, ते लिहा. रडवणारी गाणी वेगळी लिहा. आजार वाढल्यावर हे विचारता येत नाही. मी ते उशिरा शिकले.

दुसरं, यंत्राशिवायही खेळ होतो. गाण्याची ओळ म्हणा आणि शेवटचा शब्द सोडून द्या. तो आजी भरतील. नाही भरला तर आपणच हसून म्हणा आणि पुढे जा. स्टीलचं ताट उपडं ठेवा. त्यांनी ठेका धरायचा, आपण तोच परत वाजवायचा. खर्च शून्य.

तिसरं, विहारातल्या महिला मंडळाने आपल्या भागातल्या ज्येष्ठांच्या आवाजातली गाणी आणि ओव्या त्यांच्या परवानगीने मोबाइलवर टिपून ठेवाव्यात. जात्यावरच्या ओव्यांचं असं काम महाराष्ट्रात झालेलं आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर त्या आज मोबाइलवर ऐकता येतात. आपल्या आजीला त्या ऐकवून बघा.

चौथं, आपल्या समाजातली शेकडो मुलं-मुली आज इंजिनिअर आहेत, मोठ्या कंपन्यांत प्रोग्राम लिहितात. त्यांना माझी विनंती आहे. एक साधा गेम करा: जाहिरात नको, अक्षरं नकोत, गुण नकोत, आणि घरच्यांना आपली गाणी आपणच घालता यावीत. पण तो करताना पहिल्या दिवसापासून एखाद्या आजीच्या आणि तिला सांभाळणाऱ्या सुनेच्या शेजारी बसा. ऑफिसात बसून तिच्यासाठी करू नका, तिच्याबरोबर करा. आमची उशी कुठल्या पुस्तकात नव्हती, ती आईंच्या बोटांनी सुचवली.

आणि जयंती मंडळांना एक सांगणं. १४ एप्रिलच्या डीजेच्या भाड्यातला थोडा पैसा बाजूला काढला तर विहारात एक जुना कॉम्प्युटर, तारेचा स्पीकर आणि एक उशी सहज येते. आठवड्यातून एक दुपार ज्येष्ठांची ठेवा. आज तुम्ही ज्या गाण्यांवर नाचता, ती मूळ ज्यांच्या तोंडून आली, ती माणसं वस्तीतल्या खोल्यांत भिंतीकडे तोंड करून बसलेली आहेत.

घरी कुणाला असा त्रास असेल आणि काही सुचत नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही सरकारी क्रमांक विनामूल्य आहेत. सांभाळणारी बाई थकली असेल तर तिनेही फोन करावा. तिची विचारपूस क्वचितच कुणी करतं.

काल दुपारी गाणं संपल्यावर आईंनी उशीवरचा हात काढला नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू चांगली साथ करतेस. कुणाची गं तू?” मी म्हटलं, “तुमचीच.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग लाव पुढचं.”

जय भीम!